घासभर, एकोणपन्नास रुपये

शनिवार, ४ जानेवारी

आख्खा मसूर आणि भात. वजन तीनशे ग्रॅम, किंमत एकोणपन्नास. चव — दहापैकी नऊ!

एक मार्क का कापला? सगळेच दिले तर संशय येईल म्हणून.

पाकीट सकाळी आकारामनं आणून दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, बाटली आणावी तसं. "घे, तुझं औषध." त्याला कंपनीनं चव बघायच्या पॅनेलवर घेतलंय. कोल्हापुरातली बारा माणसं. दर शनिवारी एक पाकीट फुकट, घरी नेऊन खायचं आणि फॉर्म भरून द्यायचा. आकारामनं नाव दिलं ते पहिल्या दिवशी मिळणाऱ्या स्टीलच्या डब्यासाठी. डबा मिळाला, आता पाकीट नको झालंय. "पाकिटातलं म्हंजे काय जेवाण हाय व्हय? दवाखान्यात देत्यात तसलं त्ये." म्हणून पाकीट मी खातो, मार्क मी देतो आणि सही आकाराम करतो. एस.टी.च्या वर्कशॉपात चौतीस वर्षं एका बाकावर डबा खाल्लेली माणसं आम्ही, एवढं चालतंच.

मला स्वतःला पॅनेलवर जाता येत नाही. कारण हे पाकीट बनवते आमची मोना. माझी सून. कामगारांचे नातेवाईक घ्यायचे नाहीत, हा नियमसुद्धा तिनंच केलाय! तिला हे कळलं तर माझं काय होईल ते लिहायला नको.

रविवार, ५ जानेवारी

राजवीरचा बंगळूरहून फोन. पोराचं एकच पालुपद — मोना कधी येणार? तो तिकडं जाऊन सव्वा वर्ष झालं. मोनाला इथं गोकुळ शिरगावला ही नोकरी लागली म्हणून ती थांबली.

आता मार्चअखेरची मुदत आहे. मालक जिनपाल शेठ म्हणालेत, मार्टवाल्यांनी 'घासभर'ची ही पाकिटं विकायला घेतली तर ठीक, नाहीतर पाकिटांचा विभाग बंद. बंद झाला की मोना बॅग भरणार.

नवरा-बायकोनं एका गावात राहावं हे मला कळत नाही असं नाही. पण माझी बायको मालती गेल्यावर दोन वर्षं हे घर न्यूट्रलला उभ्या असलेल्या गाडीसारखं नुसतंच घरघरत होतं. मग मोना आली आणि घरात भांडणं सुरू झाली. टीव्हीच्या आवाजावरून, माझ्या बीपीच्या गोळीवरून, पंख्यावरून. रात्रीची भाजी मी चिरतो, फोडणी ती देते. भाजी जाड चिरली म्हणून बोलणी खातो. मला ती इथंच पाहिजे. स्वार्थ म्हणा. वहीला सांगायला कसली लाज!

तेव्हा मार्क सढळ हातानं.

शनिवार, ११ जानेवारी

पिठलं-भात. नऊ! मोना कामावर गेल्यावर दुपारी आरामात बसलो. पाकीट उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, ताटात ओतलं, कांदा फोडला, चटणीवर तेल घातलं, टीव्ही लावला. दहा मिनिटांत ताट साफ.

फॉर्म मात्र वैतागवाणा. 'रंग कसा वाटला?' पिठल्याचा रंग कसा असणार! 'पाकिटातील पदार्थात स्वतःचे काही मिसळले का?' — नाही. ठसठशीत अक्षरात लिहिलं. फुकटचं खायचं आणि वर मिसळायचं, तसला मी माणूस नव्हे.

मंगळवार, १४ जानेवारी

उचगावच्या मार्टात जाऊन आलो. शत्रूचा माल बघायला.

राजमा-भात नव्व्याण्णव रुपये. कपातले पोहे पंचावन्न, त्यात शेंगदाणे सहा. पनीरची भाजी एकशे एकोणीस! एक घेऊन आलो, म्हटलं बघू तरी. पनीरचे तुकडे चार, त्यातला एक दुसऱ्याचाच मोडलेला निघाला. खोक्यावरच्या फोटोत मात्र कोथिंबीर, लिंबाची फोड, मागं तांब्याचा हंडा. पाकिटात हंडा सोडा, कोथिंबिरीचं पानही नाही. या सगळ्यांपुढं आमचं एकोणपन्नासचं पाकीट म्हणजे राजा! मोनाला हे सांगता येईना, म्हणून उगाच खूश बसून राहिलो. "आण्णा, काय झालंय तुम्हाला?" काही नाही म्हटलं, संक्रांत आहे.

शनिवार, १८ जानेवारी

मटकीची उसळ. साडेनऊ. जरा जास्तच झाले काय?

मंगळवार, २८ जानेवारी

पॅनेलची सरासरी आठ पूर्णांक आठ! म्हणजे मी एकटाच नाही, बाराच्या बारा जणांनी भरभरून दिलेत. मोना आल्या आल्या चप्पल न काढताच सांगत सुटली. जिनपाल शेठनी सगळ्या कारखान्यात पेढे वाटले.

शेठची गंमतच आहे. जैन माणूस. कांदा-लसूण खात नाही, दिवस मावळला की पाणीसुद्धा नाही. आणि धंदा काढलाय कांदा-लसणाच्या मसुराचा! स्वतःच्या मालाची चव जन्मात बघणार नाही. पातेल्याजवळ उभं राहून म्हणे नुसता वास घेतात आणि मोनाला विचारतात, "झालं का गं बरोबर?" म्हणून तर हे पॅनेल. माणूस बिचारा बारा लोकांच्या जिभेवर चाललाय.

आता हाच माल पुण्याला जाणार. मार्टवाल्यांचं मोठं ऑफिस तिथं. त्यांचे लोक चव बघणार आणि मग ऑर्डर. झालंच म्हणायचं!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पुण्याचे मार्क आले. तीन पूर्णांक एक.

दहापैकी!

मोनानं मोबाईलवर सगळे शेरे वाचून दाखवले. 'चव जाणवली नाही.' 'भात मोकळा आहे. बाकी सांगण्यासारखे काही नाही.' 'आजारपणाची आठवण झाली.' वाचताना हसत होती, पण नाकाचा शेंडा लाल झाला होता.

मी म्हटलं, पुण्याच्या लोकांना काय कळतंय? आमटीत गूळ घालणारी माणसं ती! साखर पेरून पाठव, दहा देतील. असं बरंच बोललो. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आण्णा, इथं पावणेनऊ आणि तिथं तीन. एवढा फरक गुळानं पडत नाही. कुठंतरी काहीतरी चुकलंय."

शनिवारी पॅनेलला कारखान्यात बोलावलंय. सगळ्यांसमोर खायचं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आकाराम जायला तयार नव्हता. "मी खाल्लंच न्हाई, तर सांगू काय कपाळ?" त्याला मसूर कसा, पिठलं कसं, सगळं पाठ करून घेतलं. दहावेळा विचारलं तर दहावेळा म्हणतोय, "झ्याक हाय." शेवटी म्हटलं तेवढंच म्हण.

रविवार, ९ फेब्रुवारी

काल जे घडलं ते दोघांच्या तोंडून ऐकलं. पहिल्यांदा आकाराम, सकाळी चहाच्या गाड्यावर —

"आमास्नी बारा जणास्नी लाईनीत बशिवलं. म्होरं ताट. ताटात मसूर नि भात. कोण हात लावंना! मी म्हटलं काय देवाला निवद दावायचा हाय काय? तवर शिरोलीचा एक पावना म्हणाला, बाई, चटणी? तुझी सून म्हणाली, चटणी न्हाई. घ्या! चटणी न्हाई म्हटल्यावर खायाचं कसं? मग त्यो पावना उठला नि खिशातनं पुडी काढली. म्हटलं बरं झालं बाबा. तर ती मास्तरीणबाई, तिच्या पर्समधी डबी! लायसन असल्यागत जवळ बाळगत्यात. मग काय, डबी फिरली लाईनीत, सगळ्यांनी घेटली, नि पाच मिंटात ताटं साफ. मी बी खाल्लं. झ्याक हुतं!"

आणि मोना, घरी. ती कपाळाला हात लावून बसली होती.

"आण्णा, मी एकेकाला विचारलं, घरीपण चटणी घालत होता का? म्हणाले, व्हय. मग फॉर्मवर 'काही मिसळलं नाही' असं का लिहिलंत? तर सगळे माझ्याकडं बघतात, मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं! एक म्हातारी म्हणाली, 'बाळा, चटणी काय मिसळत्यात व्हय? ती असतीच की.' शेठ खाली बसले. म्हणजे महिनाभर आम्ही मसुराला नाही, बारा घरांच्या चटणीला मार्क दिले!"

मी हसलो. खूप हसलो. मग हसता हसता माझी नजर ओट्यावरच्या बरणीकडं गेली. गगनबावड्याच्या बयाअक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, डंकात कुटून पाठवलेली कांदा-लसणाची चटणी. गेल्या उन्हाळ्यात काठोकाठ भरलेली. आता बुडाला लागलेली.

हसणं बंद.

सोमवार, १० फेब्रुवारी

दुपारी मोनानं घरी आणून ठेवलेल्या पाकिटांतलं एक घेतलं. कांदा नाही, चटणी नाही, तेल नाही. नुसतं.

काय सांगू! पाणी. कोमट पाणी, त्यात मसूर पोहायला आल्यासारखे. मीठ आहे असं म्हणतात. दुसरा घास घेतला, म्हटलं पहिला चुकून तसा लागला असेल. नाही. पुण्याची माणसं सभ्य, त्यांनी तीन तरी दिले.

पहिल्याच शनिवारी मी हे असं खाल्लं असतं आणि खरं लिहिलं असतं, तर मोनाला पाच आठवडे मिळाले असते. बाकीच्या अकरा जणांची चूक अजाण होती. माझी नव्हती. मी तर चव बघायच्या आधीच मार्क ठरवून बसलो होतो. पोरगी इथं राहावी म्हणून. आणि केलं काय, तिच्या पायाखालची फळीच काढून घेतली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सांगायचं का? नको. आकारामनं सही केलीय, कुणाला कळणार नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सांगितलं.

भाजी चिरताना सांगितलं. मान खाली होती म्हणून जमलं. आकारामचं पाकीट मी खात होतो, पॅनेलवरच्या त्याच्या सात नंबरचे सगळे फॉर्म माझे, नऊ, नऊ, साडेनऊ. का दिले तेही सांगितलं — तू जाऊ नयेस म्हणून.

ओरडली असती तर बरं झालं असतं. गॅस बंद केला. म्हणाली, "बाहेरची माणसं तोंडावर गोड बोलतात आण्णा, मला माहितीये. म्हणून तर फॉर्म काढला. घरातलं एक माणूस तरी खरं बोलेल असं वाटलं होतं."

जेवण झालं. कोण काय जेवलं ते आठवत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मोना बोलत नाही. टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा केला, तरी काही म्हणाली नाही. बीपीची गोळी आपली आपण घेतली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी ओट्यावर चटणीची बरणी नाही! तिच्या जागी घासभरची चार पाकिटं आणि एक कोरी वही.

बरणी तिच्या कपाटात, कपाटाला कुलूप, चावी तिच्या पर्समध्ये. "आजपासून रोज एक. चटणी, लोणचं, कांदा, पापड, सगळं बंद. मार्क नकोत मला. काय वाईट आहे ते लिहायचं. आणि अक्कांना फोन करून नवी मागवायची नाही, मी त्यांना सांगून ठेवलंय."

अक्कांचा फोन आलाच. "काय रं हंबीर, सुनंला फशिवतोस? आता बस आळणी खात!" फोन कानापासून लांब धरला तरी शेजाऱ्यांना ऐकू गेलं असणार.

पण मोना बोलली. तेवढ्यावर अख्खं पाकीट नुसतं खाल्लं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पाचवा दिवस. जिभेला काही काम उरलेलं नाही. चहा मात्र काय लागतोय! आलं कळतंय, साखर कळतेय, दूध कालचं आहे हेही कळतंय.

वहीत रोज 'बेचव, बेचव' लिहीत होतो. मोना म्हणाली, "हे पुण्यानंही लिहिलंय. वर्कशॉपात गाडी आली आणि ड्रायव्हर म्हणाला 'आवाज येतोय', तर तुम्ही काय करत होता?"

काय करत होतो! एकेक वस्तू बंद करून बघत होतो. पट्टा काढ, आवाज गेला का? नाही. पंखा काढ. गेला का? असं करत करत चोर सापडतो.

अरेच्चा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज मसुराचं इंजिन उतरवलं. मोनाची सुट्टी, दोघंही कामाला. सात वाट्या मांडल्या. नुसता भात. नुसता शिजलेला मसूर. नुसतं तेल. नुसता मसाला. नुसता कांदा. खोबरं. पाणी. एकेकाची चव घ्यायची आणि चूळ भरायची.

भात चांगला. मसूरही चांगला. चोर सापडला तो कांद्यात! शिजलाय, पण परतलेलाच नाही. कारखान्यात सगळं एकदम वाफेच्या मोठ्या भांड्यात टाकतात, म्हणून कांदा नुसता ओला होतो, तांबूस होत नाही. दुसरा चोर खोबरं. भाजलेलं नाही, तसंच पांढरं वाटून घातलंय. शिकलीसवरलेली पोरगी, हिला हे कळलं नाही? तर म्हणाली, "कळतं हो आण्णा. पण परतायला चाळीस मिनिटं जास्त आणि दोन बायका जास्त. पाकिटामागं अडीच-तीन रुपये वाढतात. शेठ एकोणपन्नासच्या वर एक रुपया जाऊ देत नाहीत. म्हणतात, पन्नासची नोट दिल्यावर गिऱ्हाइकाला एक रुपया परत मिळाला पाहिजे."

 मी घासभरचं खोकं हातात घेऊन उगाच उलटंपालटं करत होतो. चार रंग, चकचकीत, आत पाकीट, त्यावर परत छपाई.

"ह्या खोक्याला किती पडतात गं?"

"साडेतीन रुपये."

"आणि हे खातंय कोण?"

मोनानं माझ्याकडं बघितलं, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा दात दिसतील अशी हसली.

रविवार, २ मार्च

जिनपाल शेठ घरी आले! दिवस मावळायच्या आत, साडेचारला. घरून आणलेलं उकळलेलं पाणी प्याले. आमच्या घरात काही खाणार नाहीत, पण बसले ऐसपैस.

"हंबीरराव, तुमचा सगळा प्रकार कळला मला. नातेवाईक चालत न्हाईत असा नियम हाय आमचा."

"मार्क न्हाई देत शेठ," मी म्हटलं. "नुसत्या शिव्या देतो. त्याला काय नियम हाय काय?"

हसले. मग खोक्याचे पैसे कांदा परतायला वळवायच्या आमच्या बेतावर गाडी अडली. "खोकं काढलं तर पाकीट मार्टात उभं कसं ऱ्हाणार? मऊ हाय त्ये, लोळण घेईल."

"टांगा की! वर भोक पाडा, खुंटीला अडकवा. आमच्या वर्कशॉपच्या स्टोअरला नटबोल्टाचे सगळे वायसर असेच टांगलेले असायचे."

शेठनी पाकीट घेतलं, कोपऱ्याला धरून हवेत लोंबकळत ठेवलं आणि डोळे बारीक करून बघत राहिले. चव बघता येत नसली तरी पाकीट टांगल्यावर कसं दिसतं ते त्या माणसाला बरोबर कळतं. जाताना मोनाला म्हणाले, "परतून बघ कांदा. वास आला पायजे बघ मला गेटपर्यंत."

शनिवार, ८ मार्च

नव्या मसुराचं पहिलं पाकीट. फोडल्याबरोबर स्वयंपाकघरात वास!

चव सांगतो. मसूर कळतो. खोबरं मागून येतं. मीठ एक चिमूट कमी. तिखट जिभेच्या टोकाला लागतं आणि घशापर्यंत पोचत नाही, ते अजून पोचायला पाहिजे. मार्क नकोत म्हणाली होती, तरी दिले. साडेसहा. आयुष्यात इतके काटकसरीनं मार्क कधी दिले नव्हते, आणि मोना इतकी खूश कधी झाली नव्हती. "खरंच साडेसहा?" तीनतीनदा विचारलं.

मंगळवार, १८ मार्च

पुणे — सात पूर्णांक चार!

एकानं शेरा लिहिलाय, 'किंचित तिखट आहे.' तो कागद मी फ्रिजवर चिकटवलाय.

पहिली ऑर्डर उचगावच्या मार्टाची. शनिवारी माल लागणार.

शनिवार, २२ मार्च

मार्टात दहा वाजताच जाऊन उभा राहिलो. हातात रिकामी बास्केट, गिऱ्हाइकाचं सोंग. तिसऱ्या गल्लीत, नजरेच्या उंचीला, खुंट्यांवर आमची पाकिटं टांगलेली. शेजारी एकशे एकोणीसचं पनीर आपल्या खोक्यात ऐटीत उभं.

पहिला तास कुणी फिरकलं नाही. लोक येतात, बघतात, पुढं जातात. एका बाईनं हातात घेतलं, किंमत बघितली, परत लावलं.  मग फौंड्रीतला एक माणूस आला, कपड्याला काळी वाळू. त्यानं किंमत वाचली, मागचं पुढचं वाचलं. मला राहवेना.

"पावणं, घ्या. चांगलं हाय."

"तुमी खाल्लंय?"

"महिनाभर! चटणीबिगर!"

असं बघितलं माझ्याकडं त्यानं. मग म्हणाला, "चटणीबिगर? मग बरं असंल," आणि दोन टाकली बास्केटमध्ये. त्याच्या मागोमाग दवाखान्यातल्या दोन पोरी आल्या, ड्युटीचा ड्रेस घातलेल्या. तीन घेतली. मग एक म्हातारा, मग कॉलेजची पोरं. बारा वाजेपर्यंत पंधरा खुंट्यांपैकी नऊ रिकाम्या.

आणि काउंटरवर कोण? आकाराम! मसुराचं पाकीट काखेत दडवून. "फुकाटचं खाल्लं न्हाई मी. इकत घेतलंय," म्हणाला. वरून रुपया परत मिळाला तो मला दाखवला.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, तोसुद्धा चवीनं.

दुपारी जिनपाल शेठचा फोन. विभाग बंद होणार नाही! सांगली आणि पुण्याची ऑर्डर धरून आता महिन्याला चाळीस हजार पाकिटं. मोना फोन ठेवून नुसती स्वयंपाकघरात उभी राहिली. मी म्हटलं, अगं रडतेस काय? म्हणाली, कांदा चिरतेय. कांदा माझ्या हातात होता.

मग पर्समधून चावी काढून कपाट उघडलं आणि बरणी ओट्यावर आणून ठेवली. दीड महिन्यानं! बुडाची सगळी खरवडून ताटात हा एवढा ढीग घेतला, त्यावर तेल. पहिला घास — डोळ्यांतून पाणी, कानातून वाफ. दुसऱ्या घासाला मात्र वाटलं, अरे, मसूर कुठं गेला? चटणी थोडी बाजूला सारली. मोना बघत होती. "अक्कांना सांगू का?" म्हणाली. सांगशील तर खबरदार म्हटलं.

आज सगळं मनासारखं झालं. मोना इथंच राहणार. घर भरल्यासारखं वाटतंय आणि ते तसं लिहायलाही बरं वाटतंय.

गुरुवार, ३ एप्रिल

बंगळूरच्या मोठ्या कंपनीचा मोनाला फोन. त्यांच्या माणसानं पुण्यात मसूर खाल्ला आणि विचारलं, हे कुणी बनवलं? पगार दुप्पट. राजवीरच्या घरापासून वीस मिनिटं. त्याला अजून कळवलेलं नाही, आधी मला सांगितलं. समोर बसली आणि म्हणाली, "आण्णा, खरं सांगा. जाऊ?"

तोंडात खोटं तयार होतं. चांगलं चमचमीत. गिळलं आणि "जा" म्हणालो.